मरीज, तीमारदार आणि बाजार : आरोग्यसेवेत मुक्त बाजार न्याय्य ठरू शकतो काय?

आमच्या महाविद्यालयातील वाणिज्य शाखेचे एक सहकारी या विषयावर बोलताना नेहमी मोबाईल फोनचे उदाहरण देतात. १९९५ साली भारतात मोबाईल सुरू झाला तेव्हा एका मिनिटाच्या संभाषणाला सोळा रुपयांच्या आसपास खर्च येत असे आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. पुढे कंपन्या वाढल्या, त्यांच्यात स्पर्धा झाली, दर कोसळले आणि आज भाजीविक्रेत्याच्या हातातही फोन आहे. सरकारने रुग्णालयांच्या दरात मध्ये पडू नये, त्यांनाही अशीच स्पर्धा करू द्यावी, म्हणजे शस्त्रक्रियेचा खर्चही आपोआप खाली येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. गेल्या काही दशकांत बाजाराने ज्या वस्तू सामान्य माणसाच्या आवाक्यात आणल्या, त्यांची यादी मोठी आहे. मग औषधोपचार त्या यादीत का बसत नाहीत, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रस्तुत लेखक भाषेचा अध्यापक आहे, अर्थशास्त्राचा नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही हा विषय हाती घेण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. आमच्या मोहल्ल्यात एक छोटा मदत निधी आहे आणि काही वर्षांपासून त्याचा हिशेब माझ्याकडे आहे. रमजानमध्ये जमा होणारी रक्कम प्रामुख्याने मुलामुलींच्या शिक्षणासाठी असावी, असे आम्ही सुरुवातीला ठरवले होते. प्रत्यक्षात वर्ष संपताना वही उघडली की, मोठ्या रकमा रुग्णालयांच्या नावे गेलेल्या दिसतात. कोणी तरी रुग्णालयाने दिलेली अंदाजपत्रकाची चिठ्ठी घेऊन येतो, रक्कम लाखाच्या पुढची असते, वेळ नसतो, आणि आम्ही जमेल तेवढे देतो. ती रक्कम वाजवी आहे की नाही, हे विचारण्याची आमच्यापैकी कोणाचीच हिंमत किंवा पात्रता नसते.

एका रात्रीचा सौदा

डिसेंबर २०१५ मध्ये माझ्या मामूंना रात्री छातीत कळ आली. बेळगावातील एका खासगी रुग्णालयात त्यांना नेले. रात्री दीडच्या सुमारास एक कर्मचारी बाहेर आला आणि मामूंच्या मुलाला त्याने विचारले, "स्टेंट देशी टाकायचा की इंपोर्टेड?" स्टेंट म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी बसवायची धातूची बारीक जाळीदार नळी, एवढेही त्याला ठाऊक नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले. मी मुमानींकडे पाहिले. मुमानी म्हणाल्या, "जो अच्छा है वो डालो." इंपोर्टेड स्टेंट टाकला गेला. बिलात त्याची किंमत एक लाख पंचवीस हजार रुपये होती.

मामू बरे झाले, डॉक्टरांनी उपचार उत्तम केले, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु तो प्रश्न आणि ते उत्तर माझ्या मनातून गेले नाही. बाजाराच्या भाषेत हा एक व्यवहार होता. विक्रेत्याने दोन पर्याय ठेवले, ग्राहकाने एक निवडला. मात्र निवडणाऱ्याला वस्तू काय आहे हे माहीत नव्हते, दुसऱ्या दुकानात जाऊन भाव विचारण्याइतका वेळ नव्हता, आणि "नको" म्हणण्याची सोय नव्हती.

उर्दूत एक शब्द आहे, 'तीमारदार'. आजाऱ्याजवळ राहून त्याची शुश्रूषा करणारा, तो. मराठीत आपण 'रुग्णाचे नातेवाईक' म्हणतो; पण सगळे नातेवाईक तीमारदार नसतात. रुग्णालयातील सौदा खरे तर या तीमारदाराशी होतो. मरीज आत असतो, डॉक्टर आत असतात, पैसे आणि सही बाहेरच्या माणसाची असते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ग्राहक, विक्रेता, दलाल असे सगळे भेटतात, हा माणूस भेटत नाही. आपल्या पैशाने दुसऱ्याचा जीव विकत घेणाऱ्याने घासाघीस केली तर त्याला घरचेच काय म्हणतील, याची वाचकांनी कल्पना करावी.

किंमत उलटी का चालली?

या घटनेनंतर सव्वा वर्षाने, १३ फेब्रुवारी २०१७ रोजी, राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. साधा धातूचा स्टेंट ७,२६० रुपये आणि औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपये, यापेक्षा जास्त किंमत घेता येणार नाही, असा तो आदेश होता. त्यापूर्वी साध्या स्टेंटची सरासरी छापील किंमत सुमारे ४५ हजार आणि लेप असलेल्या स्टेंटची सुमारे १ लाख २१ हजार रुपये होती. याआधी दिल्ली उच्च न्यायालयात एका वकिलाने जनहित याचिका केली होती आणि २०१६ मध्ये स्टेंटचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत झाला होता.

या निर्णयाच्या निमित्ताने प्राधिकरणाने जी माहिती प्रसिद्ध केली, ती किमतीच्या आकड्यापेक्षाही बोलकी आहे. कारखान्यातून किंवा बंदरातून निघालेला स्टेंट रुग्णापर्यंत पोचेतो त्यावर वितरकाचा आणि रुग्णालयाचा नफा चढत जाई. काही बाबतीत रुग्णालयाचा वाटा साडेसहाशे टक्क्यांच्या घरात होता. म्हणजे स्टेंट बनवणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेपेक्षा तो बसवण्याच्या जागी ठेवणाऱ्याला मिळणारी रक्कम जास्त.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. त्या काळात देशात स्टेंट विकणाऱ्या कंपन्या अनेक होत्या, देशी होत्या आणि विदेशी होत्या, त्यांच्यात स्पर्धाही जोराची होती. मग फोनप्रमाणे किंमत खाली का आली नाही? कारण ही स्पर्धा रुग्णासाठी नव्हती, रुग्णालयासाठी होती. कोणता स्टेंट फडताळात ठेवायचा, हे रुग्णालय ठरवते. दोन कंपन्यांनी जवळपास सारखा माल आणला आणि एकीची छापील किंमत जास्त असून तिने रुग्णालयाला सोडलेली रक्कमही जास्त असेल, तर तिचा माल फडताळात जातो. किंमत चढवणारा जिंकतो. मंडईत असे केले तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जाईल, परंतु येथे गिऱ्हाईकाला शेजारचा गाळा दिसतच नाही. फोनच्या कंपन्यांची भांडणे आपल्यासमोर, वर्तमानपत्रांतील जाहिरातींत झाली. स्टेंटच्या कंपन्यांची भांडणे खरेदी विभागाच्या बंद दारामागे झाली.

आपल्याकडे ज्याला सर्रास 'कट' म्हणतात, तो याचाच धाकटा भाऊ. रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला, तपासणी केंद्राला, कधी रिक्षावाल्यालाही रुग्णामागे ठरलेली रक्कम मिळते. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करवून घेतला होता. असा मसुदा करण्याची वेळ येणे हीच एक प्रकारची कबुली म्हणावी लागेल.

जेथे बाजार उपयोगी पडला

असे असले तरी बाजार आरोग्याच्या क्षेत्रात सर्वत्र नापास झाला, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. औषधनिर्मितीत भारताने जे करून दाखवले, ते स्पर्धेचेच फळ आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीने, त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांच्या कारकिर्दीत, फेब्रुवारी २००१ मध्ये एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा डोस एका रुग्णामागे ३५० डॉलरला देण्याची तयारी दाखवली. त्या वेळी बड्या विदेशी कंपन्यांच्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतील लाखो लोकांच्या दृष्टीने हा फरक जगण्या-मरण्याचा होता.

मात्र हा बाजार 'मुक्त' होता का, हे विचारले पाहिजे. सिप्ला ती औषधे बनवू शकली, कारण १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद करून केवळ तो बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट ठेवले होते. (२००५ पासून ही सवलत संपली.) म्हणजे स्पर्धेचे मैदान संसदेने आखले होते. मार्च २०१२ मध्ये मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधासाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीला देशातील पहिला सक्तीचा परवाना मिळाला, तेव्हाही असेच घडले. पेटंटधारक बायर कंपनी महिन्याच्या डोससाठी सुमारे २ लाख ८० हजार रुपये घेत होती. नॅटकोला तोच डोस ८,८८० रुपयांना विकण्याचे बंधन घालण्यात आले. माझ्या सहकाऱ्यांना हे उदाहरण सांगितले, तेव्हा ते म्हणाले की हा तर सरकारी हस्तक्षेप झाला. माझ्या मते तो हस्तक्षेप होता आणि स्पर्धाही होती. एकाच वेळी दोन्ही.

मोतीबिंदूचे उदाहरण आणखी वेगळे आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी या निवृत्त सरकारी नेत्रतज्ज्ञांनी १९७६ मध्ये मदुराईत अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. ते आज जगातील मोठ्या नेत्ररुग्णालयांत गणले जाते. पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून न देऊ शकणाऱ्यांवर मोफत किंवा अल्पदरात शस्त्रक्रिया, ही त्याची रीत. डोळ्यात बसवायचे भिंग परदेशातून महाग पडे, म्हणून १९९२ मध्ये ऑरोलॅब ही स्वतःची संस्था काढून तेथे ते कितीतरी पटींनी स्वस्त बनवले गेले. मोतीबिंदूत बाजाराला सोयीच्या बऱ्याच गोष्टी आहेत. शस्त्रक्रिया ठरीव असते, तिचा दर आधी सांगता येतो, रुग्ण महिना-दोन महिने थांबू शकतो, शेजारच्या चार माणसांनी ती केलेली असते आणि कोणाला चांगले दिसू लागले हे गल्लीत सर्वांना ठाऊक असते. चष्मा, कवळी, रक्ततपासणी यांचेही तसेच. अर्थात अरविंद ही नफ्यासाठी चालवलेली संस्था नव्हे, एका न्यासाची संस्था आहे, हेही ध्यानात ठेवावे.

अॅरो यांचा निबंध

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरो यांनी डिसेंबर १९६३ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर एक निबंध लिहिला. आरोग्य-अर्थशास्त्र ही ज्ञानशाखा त्या निबंधापासून सुरू झाली, असे मानले जाते. अॅरो हे बाजारविरोधक नव्हते. बाजाराचा समतोल कोणत्या अटींवर साधतो, हे गणिताने सिद्ध करणाऱ्यांत त्यांचे नाव येते आणि १९७२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणूनच त्यांचे म्हणणे वजनदार ठरते. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : आजार केव्हा येईल हे माहीत नसते आणि उपचार लागू पडेल की नाही हेही माहीत नसते. या दुहेरी अनिश्चिततेत डॉक्टरला रुग्णापेक्षा खूप जास्त ठाऊक असते. रुग्ण जे विकत घेतो, ते खरे तर त्याचे ज्ञान असते, आणि ज्ञान विकत घेण्याआधी पारखता आले तर ते विकत घ्यायची गरजच राहिली नसती. म्हणून डॉक्टरने व्यापाऱ्यासारखे वागू नये, अशी अपेक्षा समाज बाळगतो.

याला जोडूनच एक अडचण येते. कपड्याच्या दुकानात किती कापड हवे ते गिऱ्हाईक सांगते. वैद्यकात किती सेवा हवी ते विक्रेता सांगतो. त्यामुळे केवळ दर नव्हे, तर उपचारांचे प्रमाणही त्याच्या हाती राहते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सरकारी रुग्णालयांतील बाळंतपणांपैकी १४.३ टक्के सिझेरियन होती आणि खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. तेलंगणातील खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ८१.५ टक्क्यांवर गेले आहे. सिझेरियनमुळे अनेक मातांचे व बाळांचे जीव वाचतात, त्यामुळे या शस्त्रक्रियेलाच दोष देणे चुकीचे आहे. गुंतागुंतीच्या केसेस खासगीकडे जास्त जातात, असाही बचाव केला जातो. परंतु एका राज्यातील दहापैकी आठ बाळंतपणे गुंतागुंतीची असतील, हे पटत नाही. प्रामाणिकपणे हेही नोंदवले पाहिजे की तेलंगणातील सरकारी रुग्णालयांतही हे प्रमाण ४४.५ टक्के होते. तेव्हा सारा दोष नफ्याच्या माथी मारता येत नाही; डॉक्टरांची सवय, मुहूर्ताचा हट्ट आणि कळांची भीती यांचाही त्यात वाटा असला पाहिजे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचे प्रकरण याहून अस्वस्थ करणारे आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. म्हणजे सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट एक नसले तरी हे अंतर वयाने भरून निघणारे नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीचा त्रास, अंगावर जाणे, पोट दुखणे यासाठी महिनोन्महिने औषध घेणे त्या बाईला परवडत नाही. "पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सरची भीती नको," असे सांगणारा खासगी दवाखाना गावाजवळ असतो. कागदोपत्री तिची संमती असते. या टोळ्या आमच्या बेळगाव जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यातही येतात. रस्त्याकडेच्या त्यांच्या खोपी आपण दरवर्षी पाहतो. या व्यवहारात कोणी कोणावर बळजबरी केली नाही, सर्वांनी स्वेच्छेने निर्णय घेतले, असे म्हणता येईल. 'मुक्त' या शब्दाचा अर्थ तेवढाच असेल, तर हा बाजार मुक्तच होता.

विम्याने प्रश्न सुटतो का?

यावर उत्तर म्हणून विमा पुढे केला जातो. विम्याची मागणी न्याय्य आहे, कारण आजारी पडणे हा बहुतांशी नशिबाचा भाग आहे आणि नशिबाचा भार वाटून घेणे यात शहाणपण आहे. परंतु केवळ बाजारावर सोडलेला विमा ज्याला जास्त गरज, त्यालाच टाळतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेतले होते. त्याच निबंधात वृद्धांना आरोग्यविमा मिळणे कठीण का जाते, याचेही विवेचन आहे. हप्ता वाढवला की धडधाकट माणसे बाहेर पडतात, आजारी माणसे मागे राहतात, म्हणून हप्ता पुन्हा वाढतो. मधुमेह असलेल्या साठीतल्या माणसाने पॉलिसी घ्यायला जाऊन पाहावे, म्हणजे अकरलॉफ वाचण्याची गरज उरणार नाही. नवी पॉलिसी देताना ६५ वर्षांची कमाल वयोमर्यादा घालण्याची पद्धत भारतीय विमा नियामकाने बंद केली, त्याला २०२४ साल उजाडले.

उलट बाजूने असे म्हटले जाते की सगळे फुकट मिळाले तर लोक उगाच उपचार घेतील, म्हणून खर्चाचा काही भाग रुग्णावर टाकावा. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड या संस्थेने हजारो कुटुंबांवर याचा मोठा प्रयोग केला. खर्चाचा वाटा उचलावा लागणाऱ्या कुटुंबांनी उपचार कमी घेतले, हे खरे ठरले. मात्र त्यांनी निरुपयोगी उपचारांबरोबर उपयोगी उपचारही जवळपास त्याच प्रमाणात कमी केले. कोणती गोळी टाळली तरी चालेल, हे रुग्णाला कसे कळावे?

भारतात सप्टेंबर २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत गरीब कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळाले आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना त्यात घेण्यात आले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठी आहे. मात्र मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांची रोजची औषधे आणि बाह्यरुग्ण तपासण्या या योजनेच्या बाहेर राहतात, आणि आमच्या निधीकडे येणाऱ्या विधवा व वृद्धांचा खर्च मुख्यतः तोच असतो.

सरकारी दवाखान्याचे काय?

बाजार अपुरा ठरला म्हणून सरकार आपोआप पुरे पडते, असेही नाही. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमधील एक शेतमजूर रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर जखमी झाला. कोलकात्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी, कोठे खाट नाही तर कोठे यंत्रणा नाही, म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्च करून त्याच्यावर उपचार झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये या प्रकरणी निकाल देताना, वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे ठरवून त्याला २५ हजार रुपये भरपाई देवविली. त्या रात्री त्याला सरकारने नाकारले आणि बाजाराने पैसे घेऊन का होईना, दार उघडले, हे विसरून चालणार नाही.

तरीसुद्धा २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतील दोन आकडे पाहावेत. बाळंतपण वगळता, रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये होता आणि खासगीत ३१,८४५ रुपये. हे अंतर असूनही निम्म्याहून जास्त रुग्ण खासगीतच दाखल झाले होते. लोक सातपट पैसे हौसेने देत नाहीत.

आमच्या शहराने या वादाचा एक अंक जवळून पाहिला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये बेळगावात विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना खासगी रुग्णालयांवरील नियंत्रणाचे दुरुस्ती विधेयक आले आणि त्याविरुद्ध राज्यभरातील डॉक्टर येथे आंदोलनाला जमले. दवाखाने बंद राहिले, रुग्णांचे हाल झाले. अखेर विधेयकातील कडक तरतुदी सौम्य करून ते मंजूर झाले. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवू नये, हे त्या कायद्यात लिहावे लागले. डॉक्टरांची बाजूही ऐकण्यासारखी होती. छोट्या नर्सिंग होमवाल्याने कर्ज काढून यंत्रे घेतलेली असतात, सरकारी योजनेचे दर परवडत नाहीत आणि रुग्ण दगावला की जमाव दारात येतो, हे सगळे खरे आहे.

किंमत-मर्यादेबद्दल माझे मत स्टेंटच्या अनुभवावरून बनले आहे. ती योग्य होती. तिच्याअभावी मामूंचा स्टेंट ज्या किमतीला पडला, ती किंमत कोणत्याही अर्थाने न्याय्य नव्हती. पण ती अपुरी आहे. आमच्याच एका दुसऱ्या नातेवाइकाची अँजिओप्लास्टी २०१९ मध्ये झाली. त्याच्या बिलात स्टेंट सरकारी मर्यादेतच होता. बाकीच्या ओळी मात्र लांबल्या होत्या : फुगा, तार, कॅथलॅबचे भाडे, 'कन्झ्युमेबल्स' नावाची एक मोठी बेरीज. एका वस्तूची किंमत बांधता येते, संपूर्ण बिलाची बांधणे कठीण.

याउलट तामिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले, तो मार्ग मला अधिक विचारपूर्वक वाटतो. राज्यातील सर्व सरकारी दवाखान्यांची औषधे एकत्र, निविदा मागवून, त्यांच्या रासायनिक नावाने घेतली जातात. गोदामात आलेला माल प्रयोगशाळेत तपासला जातो आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुक असते, त्यावर तो औषधे उचलतो. राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना सुरू करताना याच धर्तीवर महामंडळ उभारले. यात बाजार नाहीसा झालेला नाही. कंपन्या खासगीच आहेत, स्पर्धाही आहे. बदलला आहे तो खरेदीदार. रात्री दीड वाजता रुग्णालयाच्या बाहेर उभ्या असलेल्या तीमारदाराच्या जागी औषधाची पारख असलेला, आकडे समोर ठेवून बसलेला आणि घाई नसलेला माणूस आला आहे. आणि गावात चालू स्थितीतला सरकारी दवाखाना असेल, तर खासगी डॉक्टरसमोर बसलेल्या रुग्णालाही "विचार करून सांगतो" म्हणून उठता येते. माझ्या सहकाऱ्यांना अभिप्रेत असलेली स्पर्धा बहुधा तेथूनच सुरू होईल.

आमच्या निधीपुरते सांगायचे, तर गेल्या वर्षीच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. बिलांना मदत देणे थांबवावे, असे कोणाचेच मत नव्हते. दारात आलेल्या माणसाला परत पाठवणे कोणाला जमणार? शेवटी असे ठरले की, तातडीची नसलेली शस्त्रक्रिया असेल तर पैसे देण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा खर्च निधीने उचलावा. आयुष्मान कार्ड काढून देण्यासाठी दोन तरुणांनी वेळ द्यावा. आणि मोहल्ल्यातील एक निवृत्त फार्मासिस्ट दर शुक्रवारी असरच्या नमाजनंतर ग्रंथालयात बसतात, त्यांच्याकडे लोकांनी आपल्या औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जावे. ते औषधाचे मूळ नाव लिहून देतात आणि जनऔषधी केंद्रात ते केवढ्याला मिळेल, ते शेजारी मांडतात. पहिल्या शुक्रवारी तिघे आले होते. त्यांपैकी एक मुमानी होत्या, मामूंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत घेऊन.